पुन्हा पहिल्यापासून

गौरी जेवणाच्या दिवशी भाची पुण्याहून आमच्याकडे साताऱ्याला आली, ती पानावर बसली तरी गप्पच होती. एरवी पुरणपोळीवर तूप पडेपर्यंत तिच्या ऑफिसातल्या दोन तरी फजित्या सांगून झालेल्या असतात. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हात धुतल्यावर मी तिला ओसरीवर गाठले आणि विचारले, "काय गं, साहेबाने झापलं का?"

"साहेबाने झापलं असतं तर चाललं असतं, मामा," ती म्हणाली. "एका अनोळखी माणसाचं पत्र आलंय. आणि त्याचं म्हणणं खरं आहे."

पत्र म्हणजे अर्थातच ई-मेल. लिहिणारा युरोपातला कोणी गृहस्थ. नोकरी सांभाळून, रात्रीची झोप थोडी कमी करून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे आणि तो जगाला फुकट वापरायला दिला आहे. भाचीची कंपनी आपल्या कामात तो वापरते. त्याने लिहिले होते, "तुमच्या पत्त्यावरून माझ्या सर्व्हरकडे दिवसातून शेकडो वेळा एकच मागणी येते: सगळे द्या. मी सगळे देतो. काही मिनिटांनी पुन्हा तीच मागणी. मी आधी दिलेल्याचे तुम्ही करता तरी काय?"

"मग, काय करता?" मी विचारले.

"फेकून देतो," भाची म्हणाली.

आता मी पडलो जुना बँकवाला. चौतीस वर्षे लेजर आणि व्हाउचरांत काढली. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. संगणक बँकेत आला तेव्हा मी त्याला हात जोडून नमस्कार केला आणि दोन पावले मागे सरकलो. पण घेतलेले फेकून देऊन तेच पुन्हा मागायचे, हा व्यवहार मला ओळखीचा वाटला. कुठे पाहिला होता, ते पुढे सांगतो. आधी भाचीने मला जे समजावले, ते माझ्या भाषेत मांडतो. चुकले तर दोष माझा.

कुठलाही प्रोग्रॅम आधी माणसाने लिहिलेला मजकूर असतो. त्याला सोर्स कोड म्हणतात. हा मजकूर रोज बदलतो, दहा जण बदलतात. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची पहिल्या दिवसापासूनची नोंद जिथे राहते, ती रिपॉझिटरी. आमच्या भाषेत लेजर, पण असे लेजर की ज्याचे एकही पान कधी निकालात निघत नाही. हे लेजर सांभाळणारी आज सर्वांत प्रचलित व्यवस्था म्हणजे गिट. लिनक्स घडवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली ती स्वतःच्या कामासाठी उभी केली आणि बघता बघता ती सगळ्यांची झाली.

गिटमध्ये क्लोन नावाची आज्ञा आहे. ती दिली की मूळ लेजरची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतची नक्कल तुमच्या संगणकावर येते. हा गिटचा मोठेपणा. नक्कल एकदा घ्यायची. मग पुढे "मागच्या खेपेनंतर काय नवे झाले, तेवढे द्या" असे विचारायचे. त्याची आज्ञा निराळी, तिला फेच म्हणतात. वाचकांना पासबुक आठवावे. तुम्ही खिडकीवर पासबुक सरकवता, मागची शेवटची नोंद पाहून पुढच्या चार ओळी छापल्या जातात आणि तुम्ही घरी जाता. दर वेळी खाते उघडल्या दिवसापासूनचा उतारा मागून, तो दारातल्या टोपलीत टाकून जाणारा खातेदार मी तरी पाहिलेला नाही.

मग भाचीच्या कंपनीसारखी शहाणी मंडळी हे का करतात? कारण मागणारा माणूस नसतो. चाळीस इंजिनिअरांपैकी कोणीही एक ओळ बदलली की एक यंत्रणा आपोआप जागी होते. ती एक नवा कोरा संगणक उभा करते, सगळे साहित्य गोळा करते, प्रोग्रॅम बांधते, तपासते आणि काम झाले की तो संगणक मोडून टाकते. पुढच्या ओळीला पुन्हा नवा. मला एकदम आमच्या आजीचा सोवळ्यातला स्वयंपाक आठवला. शिळे काही चालायचे नाही, दर खेपेला पाणीसुद्धा नवे. यामागे कारण आहे, बरे का! जुने काही उरले नसेल तर चूक कुठून आली ते नेमके सापडते. पण आजीच्या सोवळ्याचे पाणी ज्या विहिरीतून यायचे, ती विहीर घरची होती. इथे विहीर दुसऱ्याच्या परसातली, आणि रहाट ओढणारा तो एकटा.

अशी विहीर आटायची वेळ आली, त्याचे एक उदाहरण २०२३ सालचे आहे. जीएमपी नावाचा एक गणिती संग्रह आहे. शेकडो, हजारो आकडी संख्यांची आकडेमोड झटपट आणि बिनचूक करायची असली की संशोधक आणि प्रोग्रॅमर त्याच्याकडे वळतात. १९९१ पासून तो चालत आला आहे. त्याचे मुख्य कर्ते टॉरब्योर्न ग्रानलुंड हे स्वीडिश गृहस्थ. त्या जून महिन्यात त्यांच्या सर्व्हरवर अचानक मागण्यांचा लोंढा आला. शेकडो पत्ते, आणि सगळे मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे. हा हल्ला आहे, चूक आहे की त्या कंपनीच्या कुणा ग्राहकाचा उद्योग आहे, हेच कळेना. शेवटी त्यांनी त्या पत्त्यांना दार बंद केले आणि तशी पाटी आपल्या संकेतस्थळावर लावली.

चौकशीत निघाले ते असे. व्हिडिओच्या कामात जगभर वापरला जाणारा एफएफएमपेग हा प्रोग्रॅम बांधून देणारा एक प्रकल्प गिटहबवर आहे, आणि गिटहब मायक्रोसॉफ्टचे. त्या प्रकल्पाच्या बांधणीच्या सूचनांत एक बदल झाला: जीएमपीचा मजकूर थेट त्याच्या मूळ सर्व्हरवरून क्लोन करून घ्यावा. एवढेच. पण त्या प्रकल्पाच्या शेकडो प्रती लोकांनी आपापल्या खात्यात काढून ठेवल्या होत्या, आणि त्या ठरल्या वेळी आपोआप धावत होत्या. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हते. कित्येकांना आपल्या नावाने असे काही चालते, याचा पत्ताही नसेल. पुढे सूचना बदलल्या गेल्या आणि लोंढा ओसरला. पण हल्ला आणि निष्काळजीपणा यांतला फरक दार सांभाळणाऱ्याला कळू नये, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली.

माझा अनुभव सांगायचा तो इथेच.

१९८८ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिशी नुकतीच ओलांडलेली, खुर्ची नवी, आवाजात थोडी जास्तच करकर. विभागीय कार्यालयाचे परिपत्रक आले की थकबाकीदार शेतकऱ्यांची संपूर्ण यादी दर शनिवारी पाठवावी. नाव, गाव, मुद्दल, व्याज, शेवटचा हप्ता. खाती नऊशेच्या वर. यादी हाताने लिहायची, कार्बन घालून तीन प्रती, कारण तीन विभागांना हवी. तिसरी प्रत उमटावी म्हणून पेन दाबून धरायचे. हे काम आमच्या हेडक्लार्कांकडे होते. निवृत्तीला दोन-अडीच वर्षे उरलेली. सारी शाखा त्यांना काका म्हणे.

महिन्याभराने काका माझ्या केबिनमध्ये आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, मागच्या शनिवारची यादी त्यांच्याकडे आहेच. आठवड्यात चाळीसेक खाती हलतात. तेवढीच कळवू. सहामाहीला एकदा पूर्ण यादी देऊ, म्हणजे ताळा बसेल."

आज पाहतो तर काकांनी दोन वाक्यांत जे सांगितले, तेच हे सगळे संगणकवाले सांगत आहेत. पण मी म्हणालो, "काका, वरून पूर्ण यादी मागितली आहे. पूर्णच द्या. पुन्हा पहिल्यापासून लिहा."

काकांनी वाद घातला नाही. दोन वर्षे, दर शनिवारी, शाखेचे दिवे मालवायची वेळ झाली तरी त्यांच्या टेबलावरचा दिवा चालू असे. शेवटी शेवटी पेन धरायचे बोट सरळ होईना, तेव्हा ते दोरीने पेन बोटाला बांधून लिहीत. मी पाहत होतो. ते निवृत्त झाले, निरोपसमारंभात मी भाषण केले, नारळ आणि शाल दिली.

पुढच्या वर्षी माझी बदली विभागीय कार्यालयात झाली. एका दुपारी जुने कागद शोधताना मी कोपऱ्यातले लोखंडी कपाट उघडले. आत आमच्या शाखेच्या याद्यांचे गठ्ठे, तारीखवार रचलेले, सुतळीने बांधलेले. दुहेरी फासाची ती गाठ काकांची; मी ती कुठेही ओळखली असती. एकाही गठ्ठ्याची गाठ सुटलेली नव्हती.

ओसरीवर बसून मी हे भाचीला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, आमच्याकडे तर ते कपाटसुद्धा नाही."

नंतर तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. तीही बँकवाल्याला पटण्यासारखी आहे. कोणाच्याही मनात येईल की पूर्ण लेजर नको, फक्त शेवटचे पान मागावे, म्हणजे देणाऱ्याचे श्रम वाचतील. तशी सोय गिटमध्ये आहे. तिला उथळ क्लोन म्हणतात. मागणाऱ्याला ती स्वस्त पडते. एकदाच घेऊन टाकून द्यायचे असेल तर ठीकच. पण तेच अर्धवट पान जपून, दर थोड्या वेळाने त्यात भर मागायला येऊ लागलात, की देणाऱ्याचे हाल सुरू होतात. पासबुकाची मधली पाने फाडून आलेला खातेदार डोळ्यांपुढे आणा. "माझ्याकडे ही तीन पाने आहेत, उरलेल्यांतले मला काय लागेल ते शोधून द्या." क्लार्कला सगळे लेजर चाळावे लागते. उलट पूर्ण प्रत मागणाऱ्याला आधीच बांधून ठेवलेले गठ्ठे बरेचसे तसेच उचलून देता येतात, आणि पूर्ण प्रत जपणाऱ्याला पुढे चार ओळींत वाटेला लावता येते.

हे नुसते तर्कट नाही. आयफोनचे प्रोग्रॅम लिहिणारे कोकोपॉड्स नावाची एक व्यवस्था वापरत. तिची सूची गिटहबवरच्या एका रिपॉझिटरीत होती, एकाच फडताळात हजारो कप्पे कोंबलेली, आणि जगभरचे संगणक तिची उथळ प्रत घेऊन सतत भर मागत. २०१६ साली गिटहबला त्या मागण्यांना आवर घालावा लागला. मग गिटहबच्याच अभियंत्यांनी दुखणे कुठे आहे ते समजावले: उथळ प्रती नकोत, आणि फडताळाची मांडणी बदला. तसे झाले. २०१९ मध्ये कोकोपॉड्सने क्लोनची सक्तीच काढून टाकली. ज्याला जी चिठ्ठी हवी तेवढीच त्याने जवळच्या वाटप-केंद्रातून न्यावी, अशी सोय केली. मॅक संगणकांवर लोकप्रिय असलेल्या होमब्रूची हीच कथा. गिटहबच्या विनंतीवरून त्यांनी उथळ प्रती बंद केल्या आणि २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून अख्ख्या सूचीचे क्लोन वापरकर्त्याच्या माथी मारणेच सोडून दिले. रस्ट या भाषेच्या सूचीनेही त्याच वर्षी तोच मार्ग धरला. तिन्ही ठिकाणी शहाणपण एकच: एक पान हवे असणाऱ्याला अख्खे लेजर द्यायचे नाही.

भाचीने सुटी संपवून गेल्यावर काय केले? तिने मला फोनवर पायऱ्या सांगितल्या, मी वहीत लिहून घेतल्या. पहिली पायरी, कंपनीच्या आतच त्या रिपॉझिटरीची एक पूर्ण प्रत ठेवायची. तिला मिरर म्हणतात. आमच्या भाषेत ऑफिस कॉपी. कंपनीचे सगळे कोरे संगणक त्या मिररकडून साहित्य घेतील आणि बाहेर फक्त मिरर जाईल, तोही "नवे काय?" एवढेच विचारायला. सोवळे मोडले नाही. विहीर घरची झाली. दुसरी, प्रोग्रॅमची जी आवृत्ती वापरायची ती नक्की करून नोंदवायची. आवृत्ती बदललेली नसेल तर बाहेर विचारायचेच कारण नाही. तिसरी पायरी वेळेची. अशी स्वयंचलित कामे लावणारे लोक सहज मध्यरात्रीचा ठोका किंवा तासाचा ठोका निवडतात, आणि मग जगभरची मागणी एकाच मिनिटाला दारात येते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला सगळे पेन्शनर पहिल्या तारखेला सकाळी साडेनवालाच येतात, तसे. भाचीने आपली वेळ तीन वाजून सदतीस मिनिटे ठेवली.

देणाऱ्यांनाही काही करता येते. लिनक्सचा मजकूर सांभाळणारी मंडळी अख्ख्या रिपॉझिटरीचा एक तयार गठ्ठा बांधून वाटप-केंद्रांवर ठेवतात. वारंवार लागणाऱ्यांनी तो साध्या फाइलसारखा उतरवून घ्यावा आणि त्यानंतरचे चार बदल तेवढे मूळ सर्व्हरला विचारावेत. मूळ सर्व्हरला दर वेळी नव्याने गठ्ठा बांधावा लागत नाही. आम्ही अर्जाचे कोरे नमुने सायक्लोस्टाईल करून दारातल्या टेबलावर ठेवत असू, त्यातलाच हा प्रकार.

हे सगळे करायला तिला किती वेळ लागला असेल? एक दुपार. आणि हे एका दुपारचे काम मिळवायला? तीन आठवडे. कारण तिच्या साहेबाने विचारले, "यात आपलं काय वाचतं?" प्रश्न गैर नाही. कंपनीचे फारसे काही वाचत नव्हते. बिल त्या युरोपातल्या गृहस्थाला येत होते. विजेचे, जागेचे, आणि रात्री तीनला सर्व्हर बसला म्हणून मोडलेल्या झोपेचे. बँकेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले जाते की प्रत्येक जमेला कुठेतरी नावे असते. तुमच्या वहीत नावे दिसत नसेल तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत पडले आहे.

हे नावे आता फार साचले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांसाठी मजकूर गोळा करणारी यंत्रे अशा सर्व्हरांवरचे पान न् पान पुन्हा पुन्हा उपसू लागली आहेत. त्यामुळे २०२५ मध्ये ग्नोमसारख्या जुन्या, सर्वांना मोकळ्या असणाऱ्या प्रकल्पाला आपल्या दाराशी अनुबिस नावाचा पहारेकरी बसवावा लागला. आत येणाऱ्या प्रत्येक संगणकाला तो आधी एक गणित घालतो. माणसालाही मग तिथे क्षणभर थांबावे लागते. उघड्या वाड्याला दिंडी बसते ती अशी. आणि ती बसली की तिचा जाच चोराइतकाच पाहुण्यालाही होतो.

माझी पत्नी हे सारे ऐकत भाजी निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या बहिणीसारखंच. दर दिवाळीला फोन करून मला चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारते. वीस वर्षं झाली, वहीत म्हणून लिहून घेत नाही." मी हसलो, पण मग तिनेच पुढे म्हटले, "अर्थात ती प्रमाणासाठी करतच नाही फोन." खरेच आहे. माणसाने माणसाला तेच तेच विचारण्यात एक गोडी असते. त्या निमित्ताने चार शब्द होतात. यंत्राने यंत्राला दिवसातून शेकडो वेळा तेच विचारण्यात कुणाला कसली गोडी? तिथे प्रमाण वहीतच लिहून घ्यावे.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. काम झाल्यावर तिने त्या गृहस्थाला पत्र लिहिले होते. चूक आमची होती, आता असे केले आहे, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. त्याचे दोन ओळींचे उत्तर आले. तुमचा पत्ता आता माझ्या नोंदीत दिवसातून एकदाच दिसतो. आभारी आहे.

तिच्या आवाजात समाधान होते. मला आनंद झाला, आणि थोडा हेवाही वाटला. काकांना जाऊन बरीच वर्षे झाली. निवृत्तीनंतर ते दोनदा मला बाजारात भेटले होते. दोन्ही वेळा आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ते कपाट तोवर मी पाहिलेले होते. त्यांनी पिशवी डाव्या हातात धरली होती, हेही मी पाहिले होते. "काका, तुमचं म्हणणं बरोबर होतं," एवढे पाच शब्द मला म्हणता आले असते. मी म्हटले नाहीत.